एमिलच्या जागी व्याही

एमिल कोटनिकने जानेवारीतच जाहीर करून टाकलं होतं की यंदा तो बेसबॉलच्या मैदानाकडे फिरकणारसुद्धा नाही. त्याचा लाडका खेळाडू जास्त पैशांसाठी टेक्ससला निघून गेला होता आणि तो राग एमिल क्लीव्हलँडच्या अख्ख्या संघावर काढत होता.

मार्चमध्ये त्याच्या लेकीने, जनीनने, विचारलं, "बाबा, घरच्या मैदानावरच्या पहिल्या सामन्याची दोन तिकिटं काढतेय. येतोयस ना?"

"माझं बोलून झालंय."

आठवड्याने तिने पुन्हा विचारलं, तेव्हाही तो ताठच राहिला. तिसऱ्यांदा विचारेल तेव्हा कुरकुरत का होईना, हो म्हणायचं, असं त्याने मनाशी ठरवून ठेवलं होतं. जनीन शाळेत जायला लागल्यापासून हा सामना दोघांनी कधी चुकवला नव्हता. पण तिने तिसऱ्यांदा विचारलंच नाही. ती सासऱ्यांना घेऊन गेली.

सासरे म्हणजे ऑरिन टेट. बायको गेल्यावर केंटकीहून मुलाकडे राहायला आलेला. जन्मभर घोड्यांच्या शर्यती बघितलेला माणूस. बेसबॉलमधलं त्याला एवढंच ठाऊक होतं की चेंडू गोल असतो.

सामन्याच्या दुपारी बाहेर बर्फ भुरभुरत होता. एमिल टीव्हीसमोर बसला, पण पाठ अर्धी फिरवून, म्हणजे बघतोय असं बायकोला वाटू नये. शेवटचा डाव आला तरी दोन्ही संघ बरोबरीत होते. तेवढ्यात पडद्यावर प्रेक्षक दाखवले. त्यात जनीन होती, आणि शेजारी ऑरिन. त्याच्या खांद्यावर एमिलचं निळं ब्लँकेट.

"इर्मा! माझं ब्लँकेट त्याच्याकडे कसं?"

"मीच दिलं. काकडला असता बिचारा."

"काकडू दे की!"

"एवढं जळतंय तर जायचं होतंस," इर्मा स्वयंपाकघरातूनच म्हणाली.

ओकासिओ नावाचा नवा पोरगा फटका मारायला आला. आणि एमिलच्या मनात जन्मात कधी आलं नव्हतं ते आलं. हुकू दे. हरू दे संघ. तोंड पाडून घरी येऊ देत दोघं. स्वतःचीच लाज वाटली त्याला, पण ती इच्छा काही हटेना.

ओकासिओने चेंडू भिंतीपलीकडे भिरकावला. सामना संपला. मैदान वेडंपिसं झालं आणि जनीनने उडी मारून सासऱ्यांना कडकडून मिठी मारली. एमिलने टीव्ही बंद केला. एरवी तो गाडीचा भोंगा वाजवत रस्ताभर हिंडला असता.

"जिंकलो ना रे?" इर्माने विचारलं.

"एप्रिलमधला एक सामना. त्यात काय मोठं!"

संध्याकाळी दोघं इकडेच आले. ऑरिनचा घसा पार बसला होता. "अहो एमिल, काय सांगू तुम्हाला! तुम्ही बघितलंत की नाही?"

"नाही. गॅरेजमध्ये फळी ठोकत होतो."

"मग ऐका! तो पोरगा आला, आणि पहिल्याच चेंडूवर दिला ठेवून—"

"पहिल्या कसला? चौथ्या! दोन सोडले, एक हुकला, मग मारला. उगाच काहीतरी सांगू नका."

इर्माने हातातली प्लेट खाली ठेवली आणि हसू दाबलं.

"गॅरेजमध्ये टीव्ही कधी लावलास, बाबा?" जनीन म्हणाली.

एमिलचे कान लाल झाले. "तू मला तिसऱ्यांदा विचारलं नाहीस," तो पुटपुटला.

"तिसऱ्यांदा? मी काय तुला लग्नाची मागणी घालत होते?" मग तिचा आवाज उतरला. "दोनदा नाही म्हणालास. मला वाटलं, तुला खरंच यायचं नाही. मला काय वाटलं असेल?"

ऑरिन मध्येच म्हणाला, "मंगळवारच्या सामन्याला तुम्ही दोघं जा. मी घरी बसतो."

हेच तर एमिलला हवं होतं. पण ऑरिन ते बोलला मात्र पायांकडे बघत, आणि एमिलला एकदम तो एकटाच टीव्ही लावून बसलेला दिसला. आज दुपारी स्वतः बसला होता तसा.

"तुम्हीही चला," तो वैतागून म्हणाला. "पण मध्ये मी बसणार."

मंगळवारी एमिल मध्ये बसला. ऑरिन त्याच्या पुढून वाकून जनीनला काहीबाही सांगायचा, ती खळखळून हसायची, आणि एमिल दर वेळी विचारायचा, "काय? काय म्हणाले?" संघ मात्र सपाटून हरला. जनीनने निमूटपणे बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं. ऑरिन घोड्यांबद्दल काही सांगू लागला, तिने ऐकलं नाही. एमिल तिला थोपटत राहिला. गेल्या कित्येक दिवसांत त्याला एवढं बरं वाटलं नव्हतं.