बापाला हाक

धारूरच्या शांतवनला लेक झाली आणि घरात त्याचं नावच बदललं. बायको एस्तेर एरवी त्याला 'अहो' म्हणायची, पण तान्हीच्या वतीनं बोलायचं म्हटल्यावर तिला अरे-तुरेची मोकळीकच मिळाली. "बापा, दुपटं बदल की माझं, लई भिजलंय!" अशी हाक आली की शांतवन हातातलं टाकून "ओ, आलो!" म्हणत पळायचा. एकदा तर दाढीचा साबण गालावर तसाच ठेवून पळाला. बघतो तर लेकीला नुसती उचकी लागलेली.

सव्वा महिना झाला आणि दोघं लेकीला घेऊन पहिल्यांदा चर्चमध्ये गेली. पाळकांनी डोळे मिटले, हात वर केले आणि प्रार्थना सुरू केली, "हे आमच्या प्रेमळ बापा..."

"ओ, आलो!" शांतवन ताडकन उभा राहिला.

पेटी वाजवणाऱ्या मावशी फिसकन हसल्या आणि अख्खी मंडळी खो-खो हसत सुटली. एस्तेरनं पदरात तोंड लपवलं.

पाळक डोळे पुसत म्हणाले, "बस बाबा. तुला न्हाई, वरच्याला हाक मारली."

शांतवन ओशाळून खाली बसला. ही प्रार्थना तो लहानपणापासून म्हणत होता, पण तिकडे वर कुणी ओ देत असेल, हे त्याच्या टाळक्यात कधी शिरलंच नव्हतं.

"हे आमच्या प्रेमळ बापा," पाळकांनी पुन्हा सुरुवात केली.

शांतवननं डोळे मिटले, तर स्वर्गातला बाप दाढीचा साबण गालावर तसाच ठेवून पळत येताना त्याला साफ दिसला.