गोरेपणाची डबी

पिंपळगाव बसवंतपासून दोन-अडीच मैलांवर जयरामची दीड एकर द्राक्षबाग होती. १९८३ सालच्या फेब्रुवारीत माल उतरायला लागला, तसा घरातला प्रत्येक हात बागेत गेला. जयराम घड खुडायचा, त्याची बायको धोंडाबाई खराब मणी कात्रीने काढायची, आणि एकोणीस वर्षांची चंद्रभागा भरलेल्या पेट्या डोक्यावरून रस्त्यापर्यंत न्यायची. त्या वाटेवर सावलीचं एक झाड नव्हतं. घड देठाशीच धरायचा, मण्यांवरची पांढरी लव बोटाने पुसली जाता कामा नये, यासाठी जयराम दिवसभर बायामाणसांवर ओरडायचा. मालाची एवढी निगा राखणाऱ्या या माणसाने पोरीच्या तोंडाकडे मात्र कधी निवांत पाहिलं नव्हतं.

चंद्रभागा मॅट्रिक झाली होती. रंग सावळा, नाक सरळ, बोलणं मोजकं. पण पंधराव्या वर्षापासून तिच्या कपाळावर आणि गालांवर पुटकुळ्या यायच्या त्या जायचं नाव घेत नव्हत्या. सकाळी तोंड धुतलं तरी दहा वाजेपर्यंत चेहरा तेल लावल्यासारखा व्हायचा. ऊन लागलं की पुटकुळ्या लाल व्हायच्या आणि बसल्यावर मागे काळे डाग ठेवायच्या. धोंडाबाईने दूध-हळद लावून पाहिली, साय लावून पाहिली. सायीने उलट दुप्पट पुटकुळ्या आल्या.

दोन ठिकाणचे पाहुणे येऊन गेले होते. दोन्हीकडून पोस्टकार्ड आलं होतं, पत्रिका जुळत नाही म्हणून. पत्रिका कुणी मागितलीच नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. दुसरं कार्ड आलं त्या दिवशी जयरामने चंद्रभागेला काही म्हटलं नाही. त्याने धोंडाबाईच्या कानशिलात मारली. असली पोर तुझ्याच पोटी यायची होती, एवढंच तो बोलला आणि बागेत निघून गेला. धोंडाबाईने पदराने तोंड पुसलं आणि भाकरी थापायला बसली. बावीस वर्षांत तिला याची सवय झाली होती. सवय झाली म्हणजे दुखायचं थांबतं असं नाही. फक्त कुणाला सांगावंसं वाटत नाही.

तिसरं स्थळ आलं ते ओझरकडचं. मुलगा अंबडच्या एका कारखान्यात फिटर होता. पाहुणे गुरुवारी येणार होते. त्याच्या आधीच्या रविवारी जयरामची मोठी बहीण कुसाबाई आली. पिंपळगावच्या बाजारात मंगळू नावाचा एक फेरीवाला हातगाडीवर बांगड्या-टिकल्या विकायचा. त्याच्याकडून तिने एक डबी आणली होती. पांढरी, वाटोळी, वर ना नाव ना पत्ता. आतल्या मलमाला डोळ्यांत पाणी आणणारा वास होता.

"तीन दिवस लावायची," कुसाबाई म्हणाली. "काळी कातडी सुटती, आतून गोरी निघती. लय पोरींची लग्नं जमली हिच्यापायी."

चंद्रभागेने त्या रात्री मलम लावलं आणि घटकाभरात उठून धुऊन टाकलं. सकाळी जयरामला ते कळलं. त्याने तिला दंडाला धरून घरात आणलं, पाठीत दोन बुक्क्या घातल्या आणि कुसाबाईला म्हणाला, आता तूच लाव, आणि हिला हलू देऊ नको. धोंडाबाई चुलीपाशी होती. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. तेवढं पुरलं. तिने येऊन लेकीचे दोन्ही हात धरले.

कुसाबाई छातीवर गुडघा टेकून बसली आणि चोळू लागली. आधी चंद्रभागा तोंड फिरवत होती. मग ती थांबली आणि आईकडे बघून हळूच म्हणाली, "आई, भाजतंय. खरंच भाजतंय गं."

धोंडाबाईने हात सोडले नाहीत. गुरुवारी पाहुणे येऊ राहिलेत, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. हेही स्थळ मोडलं तर नवरा पोरीला मारेल, आपल्याला मारेल, आणि पोर जन्मभर घरात बसून त्याचा मार खाईल. दोन दिवसांच्या आगीने हे टळत असेल तर टळू दे, असा तिने हिशेब केला. आई असून केला, की आई होती म्हणून केला, हे तिला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही.

मलम लावलेल्या तोंडानेच चंद्रभागा त्या दिवशी पेट्या वाहत राहिली. माल थांबत नव्हता, ऊनही थांबत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चोळलं. बुधवारी दुपारी तिच्या दोन्ही गालांवर पाण्याचे फोड आले आणि डोळे सुजून बारीक झाले.

गुरुवारी कुसाबाईने फोडांवर पावडर थापली. पाहुणे पाच जण होते. मुलाचा चुलता केरू सगळ्यांच्या वतीने बोलत होता. नाव विचारून झालं, शिक्षण विचारून झालं, चालायला सांगून झालं. मग केरू म्हणाला, की पावडरीखाली काय आहे ते आम्हाला पाहू द्या. अंगणात तांब्या आहे, मुलीने तोंड धुवावं. जयराम हसला आणि त्याने होकारार्थी मान हलवली.

चंद्रभागा अंगणात गेली. पाहुण्यांसमोर तिने तोंडावर पाणी मारलं. फोड फुटले. पदराने टिपायला गेली तर पदराला पावडर, रक्त आणि कातडीचा पातळ पापुद्रा लागून आला. मुलाने मान खाली घातली. केरू उठून उभा राहिला आणि असला रोग लपवून पोर गळ्यात मारता का, असं विचारून निघाला. चहा तसाच राहिला.

त्यांची जीप वळणाआड जाईपर्यंत जयराम दारात उभा होता. मग त्याने द्राक्षांच्या मांडवाला टेकू लावायची वेळूची काठी उचलली. पहिला तडाखा चंद्रभागेच्या पाठीवर बसला, दुसरा पोटऱ्यांवर. ती खाली बसली तसं त्याने तिला केसांना धरून उठवलं आणि त्या सोललेल्या तोंडानिशी दाराच्या चौकटीवर आपटलं. चौकटीवर रक्ताचा फराटा उठला. कुसाबाई कोपऱ्यात पिशवी आवरत होती.

काठी पुन्हा वर गेली तेव्हा धोंडाबाई मधे आली. घाव तिच्या दंडावर बसला. तिने दुसऱ्या हाताने काठी धरली आणि सोडली नाही. जयरामने हिसके दिले, लाथ घातली, ती गुडघ्यावर आली, तरी मूठ सुटेना. अखेर तोच काठी टाकून शिव्या देत बाहेर गेला. धोंडाबाई उठली. तिने कुसाबाईच्या पिशवीत हात घालून ती पांढरी डबी काढून घेतली. "वन्सं, आता तुम्ही जा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ती लेकीला घेऊन नाशिक रोडला गेली. तिथे डॉक्टर विमलाबाई पगारे यांचा कातडीच्या रोगांचा दवाखाना होता. विमलाबाई रेल्वेतल्या एका हमालाची मुलगी. सरकारी शिष्यवृत्तीवर डॉक्टर झालेली, बोलायला तिखट. तिने डबीचा वास घेतला, चंद्रभागेचा चेहरा दिव्याखाली पाहिला आणि सांगितलं, की यात काय काय घातलंय ते तपासल्याशिवाय कळणार नाही, पण हे कातडी जाळणारं औषध आहे, आणि वरून उन्हात पाठवल्यामुळे जखम खोल गेली आहे. डाव्या गालावरचा डाग बहुधा जाणार नाही. आईच्या दंडावरचा आणि लेकीच्या पाठीवरचा मारही तिच्या नजरेतून सुटला नाही.

हे कुणी लावलं, असं तिने विचारलं. धोंडाबाई म्हणाली, हिच्या आत्याने. चंद्रभागेने आईकडे एकदा पाहिलं. त्या नजरेने धोंडाबाईचं अंग काठीने दुखलं नव्हतं इतकं दुखलं.

जखमा भरायला सहा आठवडे गेले. त्या दिवसांत चंद्रभागा आईशी कामापुरतं बोलायची. एप्रिलमध्ये त्या पुन्हा दवाखान्यात गेल्या. पुटकुळ्यांसाठी विमलाबाईने रात्रीचं औषध दिलं, त्या फोडायच्या नाहीत म्हणून बजावलं, आणि म्हणाली की आता उन्हापासून वाचवणारं काहीतरी लावावं लागेल, नाहीतर डाग गडद होत जाईल. तिने टेबलावर तीन बाटल्या मांडल्या आणि धोंडाबाईला हात पुढे करायला सांगितला.

पहिल्या बाटलीतलं मलम लोण्यासारखं घट्ट होतं. धोंडाबाईने मनगटावर चोळलं तसं ते चकचकत राहिलं. दुसऱ्याला अत्तराचा वास होता आणि तेही तेलकट होतं. तिसरं पातळ, ताकासारखं. लावलं आणि थोड्या वेळात वाळून गेलं, मागे फक्त किंचित पांढरी झाक राहिली. विमलाबाईने विचारलं, यातलं कोणतं घ्याल?

"हे पातळ," धोंडाबाई विचार करून म्हणाली. "तिचं तोंड आधीच तेलकट. साय लावली तव्हा लय पुटकुळ्या आल्या व्हत्या. घट्ट लावलं तर घाम कोंडंल."

डॉक्टरीण प्रथमच हसली. बरोबर, म्हणाली, तेलकट कातडीला बिनतेलाचंच हवं, वासाचं नको. आधी चार दिवस कानामागे लावून पाहायचं, आग झाली तर बंद करायचं. सकाळी लावायचं, दुपारी तोंड धुऊन पुन्हा लावायचं, आणि वरून पदर घ्यायचाच. मग तिने विचारलं, की हे लावून मुलगी गोरी होणार नाही, ते माहीत आहे ना?

"गोरी नाय करायची बाई," धोंडाबाई म्हणाली. "उन्हानं भाजू नये, एवढंच."

बाटली घरी गेली ती पाच दिवस टिकली. सहाव्या दिवशी जयरामने चंद्रभागेला आरशासमोर लोशन लावताना पाहिलं. लग्न जमेना आणि थेरं चाललीत, कुणाला दाखवायला नटते, असं म्हणत त्याने बाटली हिसकावली आणि जात्याच्या दगडावर फोडली. काचेचा तुकडा उडून चंद्रभागेच्या पायाला लागला. मग तो धोंडाबाईकडे वळला. यावेळी त्याने तोंडावर मारलं. तिचा पुढचा दात निखळून जमिनीवर पडला. तिने तो उचलला, तोंडातलं रक्त थुंकलं.

"मारा," ती म्हणाली. "उद्या दुसरी आणंन. ती फोडली तर तिसरी. आन् माह्या पोरीला हात लावला तर फौजदाराकडं जाईन, हा दात घेऊन."

जयरामचा हात वर होता. ती मागे सरली नाही, तिने डोळेही मिटले नाहीत. मग तो हात खाली घेऊन बागेत निघून गेला. तो सुधारला असं नाही. पण त्या घरात त्याला पहिल्यांदा भीती वाटली, आणि भीती वाटलेल्या माणसाचा हात जरा जपून उठतो. धोंडाबाईने खरोखर दुसऱ्या दिवशी दुसरी बाटली आणली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती भाजी घ्यायला गेली. चंद्रभागा सोबत होती, डोक्यावर पदर, डाव्या गालावर तळहाताएवढा काळसर, आक्रसलेला डाग. बांगड्यांच्या गाडीभोवती बायांची गर्दी होती. मंगळू डब्या दाखवत होता आणि एक बाई आपल्या बारा-तेरा वर्षांच्या पोरीची हनुवटी धरून त्याला तिचा रंग दाखवत होती.

धोंडाबाईने भाजीची पिशवी खाली ठेवली. ती गर्दीत शिरली आणि त्या बाईच्या हातातली डबी काढून घेऊन तिने सांगायला सुरुवात केली, ही विषारी आहे, माझ्या लेकीचा गाल बघा. मंगळूने आधी हसण्यावारी नेलं. मग त्याने तिच्या खांद्याला धक्का दिला. ती पडली, उठली, आणि तिने दोन्ही हातांनी गाडी उलटी केली. बांगड्या फुटल्या, डब्या धुळीत घरंगळल्या. मंगळूने तिच्या झिंज्या धरल्या आणि पाठीत ठोसे घातले. दोन पुरुष मधे पडले तेव्हा कुठे त्याने सोडलं. तिच्या कपाळातून रक्त येत होतं.

"म्या फकस्त इकली," मंगळू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "इकणाऱ्याचा काय दोष? हिच्या पोरीच्या तोंडाला ती हातानं लावली कोणी, ते इचारा हिला."

सगळे धोंडाबाईकडे पाहत होते. चंद्रभागाही पाहत होती.

"नणंदेनं लावली," धोंडाबाई म्हणाली. तिने चंद्रभागेकडे पाहिलं. मग पुन्हा बोलली. "आन् हात म्या धरले व्हते. दोन दिवस. पोर म्हणू राहिली, आई भाजतंय. म्या सोडले नाय."

ती बाई आपल्या पोरीला ओढून घेऊन निघून गेली. तिघीचौघींनी हातातल्या डब्या उलट्या गाडीवर टाकल्या. एकीने मात्र धुळीतली डबी उचलली, पदराला पुसली आणि कुणाकडे न बघता कनवटीला लावली. धोंडाबाईने ते पाहिलं.

परतताना मायलेकी मैलभर चालल्या. वाटेवरच्या विहिरीपाशी चंद्रभागेने रुमाल भिजवून आईच्या कपाळावरचं रक्त पुसलं. त्या फेब्रुवारीनंतर तिने आईला आपणहून हात लावला तो आत्ता. धोंडाबाईने तिचं मनगट धरलं आणि लगेच, चटका बसल्यासारखं, सोडून दिलं. मला माफ कर, असं तिला म्हणायचं होतं.

"अजून मला माफ करता येत नाही, आई," चंद्रभागा म्हणाली. "कधी येईल ते माहीत नाही. पण त्या बाईनं डबी घरी नेली. तिच्या घरी पण पोर असेल. पुढच्या बाजाराला आपण लवकर जाऊ, त्याची गाडी लागायच्या आत."