मैनाबाईचा काना

घरोघरी जे चालतं, तेच बालाघाट गावातल्या एका घरातही चालायचं. ताट वाढलेलं असायचं आणि कॉलेजात जाणारा रजत मान खाली घालून मोबाईल चाळत बसायचा. त्याची आई मैनाबाई शाळेत मध्यान्ह भोजन शिजवायची. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं या पोराला वाढवलं होतं.

"जेव ना बाप्पा, भात थंडा होऊन राह्यला," ती म्हणायची.

"हौ माय," म्हणत तो पुन्हा बोट सरकवायचा.

पाहता पाहता रजतला वाटू लागलं, आपणही व्हिडिओ बनवून टाकावेत. त्यात वाईट काहीच नव्हतं. पण त्यानं सोपी वाट धरली, लोकांना हसवायची.

त्याच सुमारास मैनाबाई विहारातल्या प्रौढांच्या वर्गाला जाऊ लागली होती. शाळेतून निवृत्त झालेल्या संघमित्राताई तो वर्ग घेत. एके दिवशी रजतनं तिच्या मोबाईलवर बसच्या पाटीचा फोटो लावून दिला. "वाच, माय."

मैनाबाईनं एकेका अक्षरावर बोट ठेवलं. "ब... ल... घ... ट. बलघट!"

रजत खो-खो हसला. तीही हसली. आपलं वाचणं तो स्वतःच्या मोबाईलवर टिपतोय, हे तिला ठाऊकच नव्हतं!

रजतनं टाकलेला तो व्हिडिओ गावभर फिरला. शाळेत ती वरण वाढत होती, तेवढ्यात एक पोरगी ओरडली, "मौसी, बलघट की बस कब आएगी?" सगळी पंगत हसली. मैनाबाईला काही कळेना. मग कुणीतरी तिला तो व्हिडिओच दाखवला. हातातली पळी तशीच राहिली.

 घरी येऊन पाटी-पुस्तक तिनं फळीवर टाकलं आणि वर्गाला जाणं बंद केलं. रजत मात्र वाढणारे लाईक पाहण्यात दंग होता.

शेवटी संघमित्राताईच घरी आल्या. रजत ओसरीवर बसला होता.

"तुही माय वर्गात काहून येत नाई रे?"

"मालूम नाई ताई. मी तं जराशी गंमत केलती. लोकं हसले, बस."

"कोणावर हसले?"

रजतनं हातातला मोबाईल उलटा करून ठेवला.

"हे पाह्य रजत," ताई समजुतीनं म्हणाल्या, "आतापर्यंत तू नुसता पाहणारा होता. पाहणाऱ्यानं आवडलं तं पाहावं, नाई तं पुढं जावं. पण आता तू बनवणारा झाला. बनवणाऱ्याले हेबी पाहा लागते का आपल्यापायी कोणाच्या जिवाले काय लागलं. तुह्या हाती एवढा मोठा फळा आला, अन् त्याच्यावर तू आपल्या मायची फजिती लिहिली?"

 रजत उठून आत गेला. मैनाबाई तांदूळ निवडत होती.

"माय, तो व्हिडिओ मी काढून टाकतो. चुकलं माहं."

"तू हसला त्याचं मले काई नाई," तिनं वर न पाहताच म्हटलं. "मीबी हसली. पण मले न विचारता साऱ्या गावाले काहून दाखवलं? शाळेतल्या पोरीच्या पुस्तकातली गोष्ट आपणबी वाचावं म्हणून जात होती रे मी."

रजतला रडू कोसळलं. तिनंच त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "उगी. रोज गाडीची पाटी पाहू पाहू आता येते मले बालाघाट वाचता. ते उभी काठी राह्यते ना अक्षराच्या बाजूले, ते दिसली का तोंड मोठं उघडायचं. बा! ला! घा!"

दारातून ताई हसून म्हणाल्या, "पाह्यलं? आपल्याले काय अडत होतं, ते शिकलेला माणूस विसरून जाते. मैना आताच तिथून निघाली, तिले आठवते. हे दाखव ना लोकाईले!"

मैनाबाई आधी तयार होईना. दोन दिवस विचार करून ती म्हणाली, "करू. पण मी पाह्यल्याबिगर टाकायचं नाई."

बसस्टँडवर गाड्यांच्या पाट्यांपुढं उभी राहून तिनं काना समजावला. मधेच 'बैहर' गावाचं 'बेहर' झालं आणि तिनंच ते दुरुस्त केलं.

"पुन्हा घेऊ का माय?"

"राहू दे. शिकतानी माणूस चुकते, लोकाईले दिसू दे."

सगळं बरोबर आहे ना, हे ताईंनी तपासलं. मैनाबाईनं हौ म्हटल्यावरच रजतनं व्हिडिओ टाकला. थट्टेच्या व्हिडिओइतके लाईक काही आले नाहीत. रजत जरा हिरमुसला. पण एके दिवशी बिरसा गावाकडच्या एका बाईचा आवाज मोबाईलवर आला. "बाई, तुमचं पाहून मी पहिल्यांदा गाडीची पाटी वाचली. आता 'घ' अन् 'ध' कसे ओळखायचे, ते सांगा ना."

मैनाबाई गोंधळली. "हे तं मलेच पक्कं येत नाई!" मग पटकन फळीवरची पाटी काढून तिनं पदर खोचला. "चाल रजत, वर्गात जाऊन ताईले विचारू. त्या बाईले जवाब द्या लागन!"

वाचकहो, मोबाईल आज आपल्या सगळ्यांच्याच हाती आहे. नुसतं पाहत राहायचं की काही घडवायचं, हे आपण ठरवायचं. घडवाल तेव्हा समोरच्या माणसाला विचारा, सांगतोय ते खरं आहे ना ते तपासा. फार मोठं ज्ञान लागत नाही. काल येत नव्हतं आणि आज आलं, तेवढं जरी मायेनं दुसऱ्याला सांगितलं, तरी कुठंतरी कुणीतरी वाचू लागतं. आणि सांगणाराही, मैनाबाईसारखा, पुन्हा शिकायला निघतो.