ओलं पोतं

गेला हिवाळा सरला तरी इसाक म्हाताऱ्याचा खोकला सरला नाही, तेव्हा जैतुनबी नवऱ्याला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या उपेंद्र डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"चाचा, लघवीला मुंग्या लागतात का?"

इसाक हसला. "लागतात की. म्हटलं, म्हातारपणी तरी गोड झालो."

"आणि विडी?"

"ती सोडली तर तोंडाला काय काम?"

डॉक्टर हसले नाहीत. "क्षय आहे. साखरेचा रोग, विडी, अर्धपोटी राहणं, त्यात हे वय. सगळ्यांनी मिळून छाती पोखरलीय. दूध, विसावा आणि मोकळी हवा, याशिवाय क्षयावर अजून औषध निघालेलं नाही. मागाची खोली कशी आहे?"

विणकराची असते तशीच होती खोली. खड्ड्यातला माग, दमट भुई, आणि एकुलत्या एका खिडकीवर भिजवलेलं पोतं. वारा लागला की मागावरचा ताणा कोरडा पडतो, सूत तुटतं. लग्न होऊन आल्यापासून पोतं ओलं ठेवायचं काम तिचंच. इसाक जास्त खोकू लागला की ती पोत्यावर आणखी पाणी मारायची. गारव्याने छातीला आराम पडेल असं तिला वाटायचं.

घरी येताच तिने पोतं ओढून काढलं. भर उन्हाळ्याचा वारा आत शिरला. इसाक भिंतीला टेकून डोळे मिटून बसला.

"बरं वाटतंय," म्हणाला.

तेवढ्यावर ती रात्री शांत झोपली.

पण मागावर लुगडं अर्धं होतं. सकाळी तो खड्ड्यात उतरला, तशी ती आडवी आली.

"विसावा घ्या म्हणाले ना डॉक्टर?"

"भाकरीही तेच पाठवणार आहेत का?"

त्याने ताण्यातून धोटा फेकला आणि सूत तुटलं. गाठ मारली, पुन्हा तुटलं. दुपारपर्यंत लुगडं वीतभरही पुढे सरकलं नाही. त्याने कपाळ ताण्यावर टेकवलं.

"जैतुन, पोतं लाव."

"नाही लावायची."

"उपाशी मरायला फार दिवस लागतात गं. हे लवकर आटपेल."

मग तिने पोतं बुडवलं, पिळलं आणि खिळ्यांना अडकवलं. खोली अंधारली. मागाचे ठोके सुरू झाले, मधेमधे खोकला.

ती ओट्यावर येऊन बसली. शेजारची कुसाबाई जाता जाता थांबली. "माग चाललाय म्हणजे उतार पडला वाटतं म्हाताऱ्याला?"

"हो," जैतुनबी म्हणाली, आणि पोतं वाळत आलं असेल म्हणून पाण्याचा तांब्या घेऊन आत गेली.