थंड खोलीचे कुलूप

मित्रांनो, मला दोन हिसके देऊन पाहिल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. त्याचा मला राग नाही, उलट अभिमानच आहे. मी एक जुने पितळी कुलूप आहे. एका म्हाताऱ्या कारागिराने मला कानस लावून लावून घडवले. मला खोक्यात ठेवताना तो म्हणाला होता, "हे कुणाला दाद देणार नाही." ते शब्द मी फार मनावर घेतले.

माझी पहिली नोकरी आरोग्य विभागाच्या औषधांच्या गोदामावर झाली. एका चोराने तिथे दोन तास घाम गाळला आणि शेवटी मलाच शिव्या देऊन गेला. दुसऱ्या दिवशी स्टोअरकीपरने माझी पाठ थोपटली. तेव्हापासून तो महिन्यातून एकदा मला तेल घाली आणि माझी किल्ली स्वतःच्या खिशात ठेवी.

पुढे उन्हाळे कडक होऊ लागले. माणसे रस्त्यात चक्कर येऊन पडू लागली. तेव्हा आरोग्य विभागाने बाजाराच्या टोकाचा जुना हॉल घेतला आणि तिथे थंड खोली केली. आत दहा खाटा, मोठे पंखे, कूलर आणि बर्फाची पेटी आली. एवढ्या किमती सामानाला राखण भरवशाची हवी, म्हणून मला त्या दारावर बढती मिळाली. मी छाती काढून लटकू लागलो.

विभागाच्या डॉक्टर मॅडमचा मात्र कागदावरच्या तयारीवर विश्वास नव्हता. एका रणरणत्या दुपारी त्यांनी कुणालाही आधी न सांगता उष्माघाताचा रोगी खोलीत आणायची तालीम ठेवली. रोगी व्हायला गल्लीतले निवृत्त शिंपीआजोबा हौसेने तयार झाले. अॅम्ब्युलन्स आली, ड्रायव्हर आणि सिस्टरने स्ट्रेचर माझ्यासमोर पायरीवर ठेवले, आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. किल्ली कुठे होती? स्टोअरकीपर मुख्य कचेरीत बैठकीला गेला होता. बैठकही उन्हाळ्याच्या तयारीचीच होती. मॅडमनी फोन लावला. पलीकडून तो मोठ्या खुशीत म्हणाला, "काळजी नको मॅडम, किल्ली अगदी सुरक्षित आहे. माझ्या खिशातच आहे!"

मॅडमनी कपाळावर हात मारला. तो निघाला, पण यायला तास लागणार होता. सगळे भिंतीच्या सावलीत सरकले. आजोबा काही उठेनात. "तालीम म्हणजे तालीम. रोगी उठून फिरतो का?" असे म्हणून ते डोळे मिटून पडून राहिले. पायरीवरची सावली हळूहळू सरकत गेली आणि ऊन त्यांच्या छातीवर आले. मला ते दिसत होते, पण मला तोंड नव्हते.

थोड्या वेळाने आजोबा पुटपुटू लागले, "कात्री कुठं ठेवलीस गं? गिऱ्हाईक खोळंबलंय." लोक हसले. कुणीतरी टाळीही वाजवली. "काय नटसम्राट आहेत!" ड्रायव्हर म्हणाला.

सिस्टर हसली नाही. तिने त्यांच्या कपाळाला हात लावला आणि तिच्या तोंडचे पाणी पळाले. "मॅडम, अंग तव्यासारखं तापलंय. आणि हे बोलायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं!"

दवाखाना लांब होता, आणि बर्फ माझ्यामागे होता. अंगणातल्या नळाला कढत पाणी येत होते. ड्रायव्हर गाडीतली लोखंडी टॉमी घेऊन धावला आणि माझ्यावर घाव घालू लागला. एक, दोन, पाच. मी तुटलो नाही. मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःच्या मजबुतीची लाज वाटली. मी मनातल्या मनात म्हणत होतो, फोड रे बाबा, फोड मला. शेवटी दाराचा कोयंडाच उखडला आणि मी त्याच्यासकट जमिनीवर आदळलो.

आत चादरी ओल्या झाल्या, पंखे घरघरले, काखेत आणि मानेला बर्फ लागला. मी धुळीत पडून कान देत होतो. बऱ्याच वेळाने आजोबांचा क्षीण पण त्यांचाच आवाज आला, "झालं का? नीट केलं ना मी?" सिस्टर रडता रडता हसली. माझाही जीव भांड्यात पडला. मग अॅम्ब्युलन्स त्यांना दवाखान्यात घेऊन गेली, आणि तिसऱ्या दिवशी ते घरी आले.

स्टोअरकीपर धापा टाकत पोचला तेव्हा किल्ली त्याच्या मुठीत होती. झालेले कळताच तो पायरीवर मटकन बसला. मॅडम त्याला ओरडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "उन्हाळाभर या दाराला कुलूप लागणार नाही."

"पण मॅडम, पंखे चोरीला गेले तर?"

"गेले तर नवे आणू. आजोबा कुठून आणायचे?"

तेव्हापासून मी स्टोअरकीपरच्या टेबलावर असतो. गल्लीबोळांत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी पंख्याने उडू नये, म्हणून तो मला तिच्यावर ठेवतो. रोज सकाळी एकेकाला फोन करून तो विचारतो, "काका, पाणी प्यायलात का? ऊन चढायच्या आत खोलीवर या. दार उघडंच आहे." मला आता कुणी हिसका देत नाही की तेल घालत नाही. सुरुवातीला वाईट वाटायचे. पण त्या यादीतले एकही नाव अजून खोडावे लागलेले नाही, आणि मला त्यातच सगळे मिळाले.

मित्रांनो, कुलपांची निगा राखा, पण एक गोष्ट त्याआधी करा. तुमच्या शाळेत, सोसायटीत जिथे अडीअडचणीचे सामान ठेवले असेल, त्या दाराची किल्ली कुणाच्या खिशात आहे हे आजच विचारून या. आणि उत्तर द्यायला कुणी अडखळले, तर ते दार आजच उघडायला लावा.