घोयरा काळा पडला

मित्रांनो, मी घोयऱ्याची एक वयस्क मादी. तुम्ही मला रंग बदलणारा सरडाच म्हणाल. सौदी अरेबियातल्या असीरच्या डोंगरात, धुक्यातल्या बाभळींवर माझी चार वर्षे गेली. डोक्यावरच्या उंच तुऱ्यावरून ओघळणारे दव मी पीत असे आणि दोन डोळे दोन दिशांना फिरवून किडे टिपत असे. आमच्यात आई पिल्लांना कधी भेटत नाही. ओल्या मातीत खोल बीळ खणायचे, अंडी पुरायची आणि निघून जायचे. पुढचे सहा-सात महिने माती सांभाळते.

१९९१च्या जानेवारीत माझ्या पोटात अंडी होती. भाजीचा ट्रक चालवणाऱ्या शौकतने मला फांदीसकट उचलून रियाधला नेले. तिथे आखाती युद्धात इराकची क्षेपणास्त्रे पडत होती. विषारी वायूच्या धास्तीने त्याने आपल्या खोलीच्या सगळ्या फटी टेपने बुजवल्या होत्या. माणसे दोन, मास्क एक.

"वायू आला की घोयरा काळा पडेल. आपल्याला आधी कळेल," मला पडद्याच्या दांडीवर ठेवत शौकत म्हणाला.

त्याच्या खोलीत राहणारे दापोलीचे जमालुद्दीनचाचा दमेकरी होते. "आणि आपण काळे पडलो, तर तो आपल्या घरी तार करेल काय रे?" ते हसले आणि खोकत राहिले.

अंडी भरली की आमची मादी गडद होते, अंगावर निळे-पिवळे ठिपके उमटतात. हे त्या दोघांना ठाऊक नव्हते. मी तीन दिवस फरशीचे कोपरे खरवडले. माती कुठेच नव्हती. चौथ्या दिवशी दुपारी मी काळी पडले.

"चाचा, वायू!" शौकतने मास्क त्यांच्या तोंडावर दाबला.

"तू घाल. तीन पोरं आहेत तुला."

"गप बसा हो!" ओला टॉवेल नाकाला लावून तो भिंतीशी बसला.

तासभर काहीच झाले नाही. चाचांचा जीव मास्कमध्ये घुसमटला. त्यांनी तो ओढून काढला. "खलास, शौकत. मरायचंच तर मोकळा श्वास घेऊन मरू."

तेवढ्यात त्यांना मी दिसले. मी उघड्या फरशीवर अंडी घालत होते.

"अरे, ही तर बाळंतीण!"

शौकतने तुपाच्या डब्यात ओली वाळू भरून एकेक अंडे पुरले. एक्केचाळीस. पण फार दिवस अडकून ती पोटातच बिघडली होती. आठवड्यात सगळ्यांना बुरशी आली.

फेब्रुवारी सरताना युद्ध थांबले. खिडक्या उघडल्या. पण अंडी अडकून राहिली तेव्हापासून माझे पाय फांदी धरत नाहीत. शौकत मला रोज उन्हात ठेवतो, वाकून विचारतो, "काय हवं गो तुला?"

मित्रांनो, मुका जीव घरी आणलात, तर हे त्याला पहिल्याच दिवशी विचारा.