अर्धा मोर

सिद्धप्पांनी पेन्सिलीला टोक काढलं, फुंकर मारली आणि पुन्हा टोक काढायला घेतलं. समोर स्टुलावर बसलेली गोजरबाई हसली.

"मास्तर, पेन्सिल सरंल की. काडा आता."

पडवीतले दहा-बारा जण हातातलं सोडून बघत होते. मठामागच्या या पडवीत दर रविवारी सकाळी सिद्धप्पांचा चित्रांचा वर्ग भरे. फी नाही, हजेरी नाही, खोडरबर तर मुळीच नाही. विडी वळणाऱ्या बाया, मागावरचे कामगार, एक पोस्टमन. ज्याला जे सुचेल ते त्यानं काढावं. 'चुकलं तर चुकलं, कोण फाशी देतंय?' हे मास्तरांचं ठरलेलं वाक्य. पण वर्षभरात मास्तरांनी स्वतः एक रेघ ओढली नव्हती, हे ध्यानात आलं ते नेमकं गोजरबाईच्या. बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडून आलेली ही म्हातारी उद्याच्या एसटीनं लेकीकडे बार्शीला कायमची चालली होती. जाताना तिनं हट्ट धरला, माझं चित्र काढा, आजच.

नाही कसं म्हणणार? आणि हो तरी कुठल्या तोंडानं म्हणणार? सव्वीस वर्षं सिद्धप्पांनी गिरणीत चादरींवरचे मोर काढले होते. म्हणजे, अर्धे मोर. चौकटीच्या कागदावर मधल्या रेघेपर्यंत एकेक चौकट भरायची आणि थांबायचं. उरलेला अर्धा माग उलटा करून विणून देई. निवृत्त झाले त्या दिवशी हौसेनं कोऱ्या कागदावर बायकोचा चेहरा काढायला बसले, आणि नाकाच्या शेंड्याशी हात जो थांबला तो थांबलाच. तो अर्धा चेहरा ट्रंकेत पडून होता. गिरणी सुटली, चौकट काही सुटली नाही. दुसऱ्यांना मोकळं करणं सोपं होतं, मेलं आपलंच जमत नव्हतं.

आज पळायला वाट नव्हती. त्यांनी कपाळ काढलं, उजवा डोळा, गाल, अर्धे ओठ. हात सराईत चालला. मधोमध आला आणि थांबला.

"झालं," ते कसेबसे म्हणाले.

गोजरबाई उठून कागदाशी आली.

"अर्दीच व्हय?"

"दुसरी बाजू अशीच की. उलटी."

बोलले आणि शरमेनं त्यांनी मान खाली घातली. गोजरबाई परत स्टुलावर बसली. कायम डाव्या गालावर ओढलेला पदर तिनं मागं टाकला. कानापासून ओठापर्यंत कातडी भाजून आवळली होती, डोळा अर्धा मिटलेला. वर्षभरात हे कुणी पाहिलं नव्हतं.

"चुलीनं केलंय," ती शांतपणे म्हणाली. "ह्ये तुमच्या मागाला इनता येतंय का?"

सिद्धप्पा बघत राहिले. काढलेल्या बाजूचा काही म्हणता काही उपयोग नव्हता. त्यांनी पेन्सिल मधल्या जागेपलीकडे नेली. पहिलीच रेघ वाकडी गेली. हात खोडरबर शोधायला लागला. ते कुठून असणार, त्यांनीच बंद केलेलं. मग ते तसेच पुढं काढत गेले, एकेक सुरकुती बघून, चुकत.

बाराचा भोंगा होऊन गेल्यावर गोजरबाईनं चित्र हातात घेतलं.

"डोळा लई खाली आलाय, मास्तर."

"चुकलाच."

"मग? कोण फाशी देतंय?" ती म्हणाली आणि कागदाची सुरळी करून निघाली.

सिद्धप्पा घरी आले तेव्हा गिरिजाबाई भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी उशीर का झाला ते विचारलं, पण नवऱ्याचं लक्षच नव्हतं. ट्रंक उघडून ते तळाचा कागद काढत होते.

"जरा उजेडात बसतेस का?"

गिरिजाबाईंनी कागद ओळखला. पिठाचे हात त्यांनी घाईनं पदराला पुसले.

"केस तरी नीट करू द्या की."

"नको," सिद्धप्पा म्हणाले. "आहेस तशीच बस."